वाळूचा वाफसा

इलियास: सव्वानऊ झाले, गुंडू. तू सहाला ट्रॅक्टर घेऊन आलास. तीन तास नुसती वाळू मुठीत दाबतोयस आणि सोडतोयस.

गुंडू: इलियासभाई, तुमी हापिसातलं मानूस. हिकडं या. ह्ये बघा, वरची वाळू वाळलीया. पन चार बोटं उकरून खालची घ्यायची. घेतली. दाबली मूठ. आता उघडतो. गोळा तसाच ऱ्हायला का न्हाई?

इलियास: राहिला. मग?

गुंडू: मग वाफसा न्हाई आला अजून. टाकला की फुटाय पायजे गोळा. फुटला की रानात औत घालायचं. वल्या रानात ट्रॅक्टर घातला तर चाक रुततंय आन रानबी चोपून दगड हुतंय. आमच्या वाळव्याला शेंबड्या पोराला इचारा, त्येबी सांगंल.

इलियास: हे तुझं रान नाही रे बाबा. माझ्या घराचा रस्ता आहे. फाटकापासून डांबरी सडकेपर्यंत साठ पावलं. समुद्रात भराव घालायला बाहेर आणून ठेवलेला ढीग वादळानं रात्री उचलून इथं टाकला आणि वरून पावसानं भिजवला. ही वाळू बाजूला कर, मी गाडी काढतो. एवढंच काम आहे.

गुंडू: तेच करतोय की. थांबायचंबी कामच असतंय.

इलियास: सहाला म्हणालास, दोन तास थांबू.

गुंडू: आन तुमी म्हनालासा, बरं. मलाबी घाई हाय. अरबाबला, माझ्या अरबी मालकाला, न इचारता त्येचा ट्रॅक्टर मागनं बांध तुडवत आनलाय म्या. त्यो मुहर्रकला गेलाय, दुपारच्या नमाजाला येनार. त्येच्या आत ह्यो खजुराच्या बागंत उभा पायजे. पन घाई केली म्हनून माती ऐकत न्हाई.

खदिजा: अहो, ऐकलंत का? जरा ओसरीवर या. धावू नका, पण या.

इलियास: काय झालं? उठलीस कशाला तू?

खदिजा: उठले नाही. पायरीवर टेकून बसले आहे. कळ आली.

इलियास: कळ? खदिजा, आज दुपारी नुसतं दाखल व्हायचं होतं. ऑपरेशन उद्या.

खदिजा: ते तुम्हाला आणि डॉक्टरीणबाईंना माहीत आहे. पोटातल्याला कुणी सांगितलेलं नाही. आधी वाटलं, पाठ धरली असेल. पण आता दोनदा आली, सारखीच आली.

इलियास: या अल्ला. किती वेळानं आली?

खदिजा: घड्याळ आत राहिलं. मी पाढे म्हणत होते. पहिली ओसरली तेव्हा दोनापासून सुरुवात केली, तीसचा पाढा संपला आणि दुसरी आली.

इलियास: पाढे! अशा वेळी पाढे सुचतात तुला?

खदिजा: गावच्या शाळेत सहा वर्षं पहिली-दुसरीला पाढेच शिकवले मी. जे येतं तेच सुचणार.

गुंडू: इलियासभाई, वैनी काय म्हनाल्या? कळ?

इलियास: तू ट्रॅक्टर चालू कर. आत्ताच्या आत्ता.

गुंडू: करतो. पन काय ते सांगा तर.

इलियास: मूल आडवं आहे, गुंडू. डोकं खाली नाही. तसं ते बाहेर येऊ शकत नाही, पोट फाडूनच काढायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, कळ आली की एक मिनिट घालवायचं नाही. तिला चालवायचं नाही, उभंसुद्धा करायचं नाही. पाणी सुटलं तर मुलाच्या आधी नाळ बाहेर येईल.

गुंडू: आन नाळ आली तर?

इलियास: मूल गुदमरेल. तिचंही काही सांगता येणार नाही.

गुंडू: आन ह्ये तुमी मला आत्ता सांगताय? सकाळी काय म्हनालासा? 'दवाखान्यात जायचंय.' म्या म्हटलं आसंल ताप, आसंल खोकला. आडवं मूल हाय म्हनून सांगितलं असतं तर म्या हातानं वाळू उपसली असती!

इलियास: घरच्या बाईची गोष्ट. सडकेवर उभं राहून तुला काय सांगणार होतो?

गुंडू: तीच सांगायची हुती. सरा बाजूला.

इलियास: खदिजा, माझ्या खांद्यावर भार टाक. दोनच पावलं. गाडीच्या मागच्या सीटवर झोप. हं. उशी घे. खिडकी उघडी ठेवतो.

खदिजा: उशी डोक्याखाली नको, कमरेखाली द्या. हां, असं. आता बाळ आडवं, आणि मीही आडवी.

इलियास: हसू नकोस गं.

खदिजा: मग रडू का? तुम्ही जा. गुंडूभाऊंवर ओरडू नका. ओरडलं की हुशार मुलाचंही चुकतं.

इलियास: गुंडू! अरे, ट्रॅक्टरमागची ती लोखंडी फळी किती खाली घातलीस?

गुंडू: एका दमात वडतो सगळं!

इलियास: येत नाहीय ती! चाक नुसतं जागेवर फिरतंय!

गुंडू: थोडी रेस देतो, निघंल!

इलियास: अरे, पुढं नाही, खाली चाललायस तू! बंद कर! गुंडू, बंद कर म्हणतो ना!

गुंडू: क्येला. बंद क्येला.

इलियास: बघ. उतर आणि बघ. अर्धं चाक गेलं आत. आता ट्रॅक्टर पण रस्त्यात आणि वाळू पण रस्त्यात. तीन तास! तीन तास थांबून काय मिळवलंस? वाफसा, वाफसा! घाटी डोकं! माझ्या पोराला काही झालं ना, तर तुझ्या वाफशाच्या नावानं रडत बसेन मी.

गुंडू: शिव्या मागनं द्या. फावडं हाय का घरात?

इलियास: एक आहे. एका फावड्यानं साठ पावलं उपसणार तू?

गुंडू: न्हाई. मग दुसरं करू. घराचं दार काढू. त्येच्यावर वैनीस्नी निजवू, दोघं दोन टोकं धरू आन सडकंवर नेऊ. तिथनं कुनाचीबी गाडी थांबवू.

इलियास: फोन रात्रीपासून बंदच आहे. गावातून माणसं आणतो मी.

गुंडू: सकाळीच जाऊन आलासा न्हवं? अख्ख्या मआमीरमदी पानी शिरलंय, ज्यो त्यो आपलं घर उपसतोय. कोन येनार? धरा टोक. आधी रिकामंच धरून बघू.

इलियास: धरलं. चल.

गुंडू: एक. दोन. तीन.

इलियास: थांब, थांब. पाय गेला.

गुंडू: माझाबी. पोटरीपत्तर.

इलियास: रिकाम्या दाराला ही गत. तिला घेऊन पडलो तर… नाही, गुंडू. हे नाही जमायचं.

खदिजा: अहो.

इलियास: आलो. आली का परत?

खदिजा: येऊन गेली. सत्तावीसच्या पाढ्यावर. गुंडूभाऊंना गाडीपाशी बोलवा. आणि तुम्ही थोडा वेळ गप्प बसा.

गुंडू: काय, वैनी?

खदिजा: मला इथून नुसतं आभाळ दिसतंय. तुम्ही बघून सांगा. चाक रुतलंय तिथली वाळू कशी आहे?

गुंडू: कशी म्हंजे? वाळूसारखी वाळू.

खदिजा: पहिलीतली मुलं अगदी असंच सांगतात. पाणी कसं आहे? पाण्यासारखं. नीट बघा. रंग कोणता?

गुंडू: वर इतभर पांढरी. सुटी सुटी. भुरुभुरु वाहतीया.

इलियास: वीतभर? मघाशी तर चार बोटंच होती.

गुंडू: वारा हाय की. ढिगावरची वाळकी वाळू हिकडंच ईतीया.

खदिजा: तुम्ही गप्प बसणार होता. गुंडूभाऊ, आणि त्या पांढरीच्या खाली?

गुंडू: काळपट. वली.

खदिजा: तुमचा पाय कशात गेला?

गुंडू: पांढऱ्यात.

खदिजा: आता पांढरी पायानं बाजूला सारा आणि खालच्या काळपट वाळूवर उभे राहा. सगळा भार टाकून.

इलियास: खदिजा, ही काय शाळा भरवायची वेळ आहे?

खदिजा: तुमच्याकडे दुसरा उपाय आहे का? नाही ना. गुंडूभाऊ, उभे राहिलात?

गुंडू: ऱ्हायलो.

खदिजा: किती रुतलात?

गुंडू: न्हाई रुतलो. घट्ट हाय. तालमीतली माती चोपल्यावानी.

खदिजा: मग चाकाला खातंय कोण? पाणी?

गुंडू: …न्हाई. वाळकी वाळू.

खदिजा: हं.

गुंडू: पन वैनी, आसं कसं? वल्यात चाक रुततंय, वाळल्यावर चालतंय. म्या जलमभर त्येच बघितलंय.

खदिजा: तुम्ही काळ्या मातीत बघितलंय. ते खरंच आहे. मी केळशीची. आमच्या दारात पुळण. समुद्राकाठची वाळू हो, तिला आम्ही पुळण म्हणतो. ओहोटी लागली की माझा आजा मासळीची गाडी ओल्या पुळणीवरून न्यायचा. बैल कसे पळायचे! आणि गाडी वर सुरूच्या झाडांकडे चढवायची झाली की कोरड्या वाळूत चाक बसायचं. मग आम्ही पोरीबाळी काय करायचो, माहीत आहे?

गुंडू: काय?

खदिजा: कळशा भरून आणायचो आणि चाकापुढे पाणी ओतायचो. काळ्या मातीला पाणी सोडवतं, गुंडूभाऊ. वाळूला पाणी बांधतं.

गुंडू: म्हंजे… म्या तीन तास जे पानी आटायची वाट बघत बसलो…

खदिजा: तेच आता पुन्हा ओतायचं.

गुंडू: च्यायला. माफ करा, वैनी.

खदिजा: माफी नको. थांबा. थांबा जरा, बोलू नका.

इलियास: खदिजा? खदिजा, हात धर माझा. दाब, जोरात दाब. हं. झालं. गेली का?

खदिजा: गेली. पाढे मोजायचे राहिले बोलण्यात. अहो, टाकीत पाणी किती आहे?

इलियास: गच्चीवरची टाकी अर्धी असेल. वीज नाही, पंप चालणार नाही. पण नळी लावली तर आपोआप उतरेल. मचूळ पाणी आहे, चालेल?

खदिजा: वाळूला कुठं चहा करायचाय? लावा नळी. आणि गुंडूभाऊ, आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला झावळ्यांचं कुंपण आहे. मोडा ते. चाकाखाली झावळ्या घाला, त्यावर पाणी.

गुंडू: घातल्या म्हना.

इलियास: कोंबड्या सुटतील, खदिजा.

खदिजा: सुटू द्या हो!

इलियास: गुंडू, हे घे नळीचं तोंड. आधी मागच्या चाकापुढं. पुरते का?

गुंडू: पुरतीया. वता. अजून. बघा, बघा कशी बसाय लागली वाळू! इलियासभाई, पानी पडलं की आवाजच बदलतोय तिचा.

इलियास: आवाज नंतर ऐक. ट्रॅक्टर काढ.

खदिजा: गुंडूभाऊ, रेस द्यायची नाही. सगळ्यात हळू गिअर. चाक घसरलं की लगेच थांबायचं, हट्ट करायचा नाही. फळी वर आहे ना?

गुंडू: वर उचलली. काढतो. या लक्ष्मीआई…

इलियास: येतोय. येतोय! हळू. झावळी धरली चाकानं. अरे, निघाला! खदिजा, निघाला ट्रॅक्टर!

खदिजा: ऐकलं. बाविसावर आली ही. आता रस्ता.

गुंडू: वैनी, वाळू किती खोल कापू?

खदिजा: दुधावरची साय काढता ना, तशी. खालच्या दुधाला धक्का नाही लावायचा. वरची पांढरी तेवढी काढा, काळपट राहू द्या. गाडी तिच्यावरूनच जाणार आहे.

गुंडू: साय म्हशीच्या दुधाची का गाईच्या?

खदिजा: गाईच्या. पातळ.

इलियास: तुम्ही दोघं थट्टा करताय?

गुंडू: थट्टा न्हाई, माप इचारलं. तुमी नळी धरा आन माझ्या म्होरं म्होरं चला. म्या मागं घिऊन फळी सोडतो आन सडकंकडं वडत नेतो. कडा ढासळाय लागली की तिच्यावरबी पानी मारा.

इलियास: चल. यल्ला.

गुंडू: ही पयली.

इलियास: कड पडतेय डावीकडची!

गुंडू: तिला भिजवा. भिजवा म्हनतो ना! हां, थांबली. ही दुसरी. किती जालं?

इलियास: वीस पावलं मोकळी. खदिजा, वीस झाली!

खदिजा: माझीही एकोणीसला आली.

इलियास: म्हणजे लवकर?

खदिजा: लवकर. मागच्यापेक्षा तीन पाढे आधी.

इलियास: गुंडू, चल रे. चल, चल.

गुंडू: घाई नगा करू मला. घाई केली की फळी खाली जातीया. आता कळलंय तर कळल्यापरमानं करू द्या.

इलियास: नळी एवढीच येते. पुढं नाही पोचत.

गुंडू: मग बादल्या. तुमी भरा, म्या उतरून वततो आन परत चढतो.

इलियास: नाही, तू खाली उतरू नकोस. मी ओततो. तू फक्त चालव.

गुंडू: पळा मग. ह्ये कुनाला दिसलं तर म्हनतील, क्लार्क येडा जाला, वाळवंटाला पानी घालतोय.

इलियास: म्हणू दे. ही घे. आली दुसरी. जा पुढं.

गुंडू: चाळीस पावलं.

इलियास: खदिजा! चाळीस! खदिजा? बोल ना.

खदिजा: आहे. आहे मी. हिच्यात बोलता आलं नाही. चौदावर आली, आणि मोठी होती.

इलियास: पाणी… पाणी सुटलं नाही ना?

खदिजा: नाही. पण आता मला प्रश्न विचारू नका. रस्ता करा.

गुंडू: इलियासभाई, बादली!

इलियास: येत नाहीय. नळातून नुसता वारा येतोय. टाकी संपली, गुंडू.

गुंडू: पंचेचाळीस जाली. अजून पंधरा पावलं हायती.

इलियास: घरात प्यायच्या गोड्या पाण्याचे दोन कॅन आहेत. आणतो.

गुंडू: दोन कॅनमधी पाच पावलं भिजतील. ऱ्हायली धा. झावळ्या उरल्यात का?

इलियास: खुराड्याच्या सगळ्या आणल्या. स्वयंपाकघराच्या पडवीवर आहेत, छपराच्या.

गुंडू: वडा मग छप्पर खाली. दोन चाकांच्या दोन रांगा करायच्या, देठ आपल्याकडं, शेंडा सडकंकडं. एकीवर एक चढवा, मधी फट नगो.

इलियास: हे कुठं शिकलास?

गुंडू: कुटं न्हाई. आत्ताच सुचलं. वरची साय तेवढी काढून घेतो, तवर तुमी छप्पर उतरवा.

खदिजा: गुंडूभाऊ…

गुंडू: जी, वैनी.

खदिजा: गाडीच्या टायरमधली हवा कमी करा. निम्मी. यांचे अरब दोस्त वाळवंटात जाताना करतात.

गुंडू: हवा काढल्यावर गाडी चालंल?

खदिजा: पाय पसरून चालेल. पसरला की रुतत नाही. बदक बघितलंय ना?

गुंडू: बघितलंय. काढतो हवा. तुमी आता बोलू नगासा.

इलियास: कॅन ओतले. झावळ्यांच्या दोन्ही रांगा झाल्या. ट्रॅक्टर?

गुंडू: सडकंच्या कडंला घेतला. वाट मोकळी हाय. बसा गाडीत. दुसऱ्या गिअरमधी न्या. मधी ब्रेक न्हाई, रेस न्हाई. म्या मागनं लावतो खांदा.

इलियास: मधेच माझा पाय ब्रेकवर जाईल, गुंडू.

गुंडू: मग म्या चालवू?

खदिजा: नाही. तुम्ही मागंच राहा, तुमच्या खांद्यात जोर आहे. अहो, बसा. बिस्मिल्ला म्हणा आणि सोडा क्लच. सावकाश.

इलियास: बिस्मिल्ला.

गुंडू: येऊ द्या. येऊ द्या. सरळ. उजव्या अंगाला जाताय, डावीकडं घ्या! हां. आता झावळ्या आल्या. आवाज हुईल, घाबरू नगा.

इलियास: मागचं चाक बसतंय रे!

गुंडू: बसू द्या, म्या हाय! रेस नगा दिऊ! रेस दिऊ नगा म्हनतो! आई गं… जरा… अजून जरा…

खदिजा: थांबू नका, थांबू नका…

गुंडू: गेली! गेली, डांबरावर गेली!

इलियास: गुंडू, तुला लागलं का रे? पडलास तू.

गुंडू: काय न्हाई लागलं. वाळूतच पडलो. जावा.

इलियास: गुंडू, मघाशी मी तुला जे बोललो ना, ते…

गुंडू: गिअर टाका, इलियासभाई.

खदिजा: अकरा… अकरावरच आली… अहो, चला!

(संध्याकाळ. तेच फाटक.)

इलियास: तू अजून इथंच आहेस?

गुंडू: आलासा? वैनीस्नी तिथंच ठिवलं?

इलियास: तिथंच. चप्पल कुठं आहे तुझी?

गुंडू: आसंल वाळूत कुटंतरी. बसा. दमलाय तुमी.

इलियास: विचार ना, गुंडू.

गुंडू: तुमी सांगा.

इलियास: मुलगी झाली.

गुंडू: हाय?

इलियास: आहे. आधी रडलीच नाही. निळी पडली होती, असं नर्स म्हणाली. मी दाराबाहेर होतो. मग बऱ्याच वेळानं आवाज आला. एवढासा. मला वाटलं, कुणीतरी खुर्ची सरकवली.

गुंडू: आन वैनी?

इलियास: रक्त फार गेलं. दोन बाटल्या चढवल्या. दुपारी डोळे उघडले, बोलली माझ्याशी.

गुंडू: काय म्हनाल्या?

इलियास: म्हणाली, गुंडूभाऊला सांगा, कळा नऊनंतर सुरू झाल्या. सहाला काहीच नव्हतं. म्हणाली, तो मनात धरून बसेल, पहिलं हे सांगा.

गुंडू: सहाला वाट केली असती तर नवाच्या कळंला तुमी सडकंवर असतासा. वैनीस्नी कळतंय ते. मलाबी कळतंय.

इलियास: सहाला तू म्हणालास थांबू आणि मी म्हणालो बरं. मग आत जाऊन मी चहा प्यायलो. तुला काही सांगितलं नाही. त्या तीन तासांतला निम्मा वाटा माझा आहे. एकट्यानं घेऊ नकोस. आणि घाटी म्हणालो तुला.

गुंडू: घाटीच हाय की म्या. त्यात काय?

इलियास: घाटी डोकं म्हणालो.

गुंडू: ते मातुर लागलं.

इलियास: माफ कर.

गुंडू: केलं. अरबाब येऊन गेला.

इलियास: अरे देवा. काय म्हणाला?

गुंडू: लई बोलला. निम्मं कळलं न्हाई. सारखं 'खलास, खलास' म्हनत हुता. वाळूचं काम खलास का माझी नोकरी खलास, त्ये काय उमगलं न्हाई. ट्रॅक्टर घिऊन गेला.

इलियास: उद्या सकाळी मी येतो तुझ्याबरोबर. मी बोलेन त्याच्याशी. माझ्यासाठी आणला होतास, हे मी सांगेन. आधी जेवायला चल. पण हा कॅन कसला? आणि हातात फावडं?

गुंडू: दुपारपासनं वारा वाढलाय. वाळकी वाळू परत वाटंवर सरकतीया. जेवढी ईल तेवढी सारतो आन वर पानी मारतो.

इलियास: टाकी तर रिकामी होती. पाणी कुठलं?

गुंडू: मशिदीच्या नळाचं. इचारून घेतलं. कशाला पायजे म्हनाले, म्या म्हटलं बेबी, हॉस्पिटल. एक म्हातारा सवता कॅन उचलून निम्म्या वाटंपत्तर आला.

इलियास: गुंडू, पण ती आज येणार नाही. उद्याही नाही. ऑपरेशन आहे, आठ दिवस तिथंच ठेवणार. कशाला जीव काढतोस?

गुंडू: आठ दिवस वारा काय रजेवर जातोय व्हय?

इलियास: म्हणजे आठ दिवस तू रोज पाणी मारणार इथं?

गुंडू: पोटाला टाके असतील न्हवं वैनीस्नी? येताना गाडी एकदाबी दणकाय नगो.